विरुद्ध पक्ष क्रमांक तीन

१८ ऑगस्ट, सोमवार

गंधालीचा फोन आला तेव्हा मी नंदूशेठच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात एका गाडीच्या सीटवरचे पानाचे डाग घासत होतो. तिचं नाव दिसलं म्हणून ओल्या हातानेच उचलला.

"सुशांत, गाडी पीयूसीत फेल झाली."

मी फडकं बादलीत टाकलं.

"ऐकतोयस ना? धुरात कार्बन मोनॉक्साईड कितीतरी जास्त आहे म्हणाला. सर्टिफिकेट देत नाहीये."

"त्याचं मशीन खराब असेल."

"दोन ठिकाणी केली. दोन्ही मशीनं खराब?"

बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. मग तोच डाग अर्धा तास घासत बसलो. तो केव्हाच निघाला होता.

ही वही कॉन्ट्रॅक्ट लॉच्या नोट्सची. पुढून दीड वर्षाचं लॉ कॉलेज आहे, मागून आता हे. हजेरीवरून सरांशी वाजलं, मी हजेरीपट त्यांच्या टेबलावर फाडून ठेवला आणि बाहेर पडलो. आई अजून म्हणते, नाव सुशांत ठेवलं तिथेच चुकलं. असो. इथे कोणी वाचणार नाही, तर खरं लिहितो.

मशीन खराब नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत गंधाली आणि तिची आई कृष्णाबाई वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून आमच्या चारकोपच्या यार्डात आल्या. कृष्णाबाईंचे गुडघे गेलेले. पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरणं होत नव्हतं. मागची सीट आडवी करून मासळीच्या पाट्या राहतील अशी चांदी रंगाची जुनी गाडी त्यांनी पसंत केली. गंधालीने बॉनेट उघडून मला असे प्रश्न विचारले की माझी ततपप झाली. त्या दिवसापासून माझं जे व्हायचं ते झालं.

गाडी तेव्हाच पीयूसीत बसत नव्हती. नंदूशेठ म्हणाला, सायलेन्सर बघावा लागेल, पौर्णिमेनंतर देऊ. गंधाली म्हणाली, "नारळी पौर्णिमेला गाडीला हार घालायचाय. नाही जमत तर आम्ही दुसरीकडे बघतो."

ते 'दुसरीकडे' मला सहन झालं नाही.

पीयूसी सेंटरचा देवदत्त ओळखीचा. शनिवारी, सतरा तारखेला, मी तिची गाडी तिथे नेली. शेजारी यार्डातली चांगली गाडी लावली. फोटो काढला तिच्या नंबर प्लेटचा, नळी घातली शेजारच्या गाडीत. चार मिनिटांत सर्टिफिकेट. नंदूशेठने मला हे करायला सांगितलं नव्हतं. ऐकल्यावर हसला फक्त. "तयार झालास," म्हणाला. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

सर्टिफिकेट वर्षभराचं. परवा संपलं.

१९ ऑगस्ट

जोगेश्वरीला चंद्रप्रकाश मेकॅनिककडे गाडी वर चढवली. गंधाली तिची तीच चालवत आली. क्लच सोडताना अजून जीभ दातात धरते. तिला गाडी मीच शिकवली, पावसाळा संपल्यावर, ओशिवऱ्याच्या मागच्या रस्त्यावर, दर रविवारी. आयुष्यातले तेवढेच रविवार माझ्या लक्षात आहेत.

चंद्रप्रकाशने सायलेन्सरच्या पुढच्या डब्यावर पाना मारला. रिकाम्या डालड्याच्या डब्यासारखा वाजला.

"आत धूर गाळायची जाळी असते. कॅटकॉन बोलतात. महाग धातू असतो त्यात," तो गंधालीला सांगू लागला. "कोणीतरी कापून काढलीय, वरून डबा परत वेल्ड केलाय. हे वेल्डिंग जुनं आहे, ताई. तुमच्याकडे यायच्या आधीचं."

"मग गेल्या वर्षी पास कशी झाली?"

"ते मला कसं माहीत? अशी गाडी पास होऊच शकत नाही."

मी खाली वाकून वेल्डिंग बघत राहिलो. बराच वेळ. उठलो तेव्हा गंधाली फोनवर काहीतरी मोठं करून बघत होती, दोन बोटांनी.

"काय बघतेस?"

"काही नाही. जुनं सर्टिफिकेट." तिने फोन पर्समध्ये टाकला. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "तुझ्या त्या नारिंगी सँडल कुठे गेल्या रे?"

"पट्टा तुटला. जूनमध्ये फेकल्या."

"कधीच्या होत्या?"

"कॉलेजपासूनच्या. का? छान होत्या ना?"

"लांबून ओळखू यायच्या," एवढंच म्हणाली.

वर्षभर मी घातलेल्या सँडल तिच्या लक्षात आहेत. कांदिवलीपर्यंत स्कूटरवर मी वेड्यासारखा हसत आलो. सिग्नलला थांबल्यावर तो पोकळ डबा आठवला आणि हसल्याची लाज वाटली.

२१ ऑगस्ट

कोळीवाड्यात तिच्या घरी गेलो होतो. तिनेच बोलावलं. "तू लॉ केलंयस, काय काय करता येतं ते सांग."

"दीड वर्ष केलंय."

"आमच्यापेक्षा दीड वर्ष जास्त."

कृष्णाबाईंनी चहा दिला, गुडघ्याला पट्टा बांधून बसल्या. "आमाला काय कलतं रं पोरा. तू शिकलेला हाय. तू सांगशील तसं करू."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मी सांगितलं. पीयूसीशिवाय गाडी बाहेर काढली तर दंड आहे, विम्यालाही अडतं. म्हणून गाडी उभी ठेवायची. चंद्रप्रकाशकडून लेखी घ्यायचं, वेल्डिंगचे फोटो काढायचे, आणि ते सगळं होईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, पुरावा तोच आहे. मग विकणाऱ्याला नोटीस. दोष लपवून विकली, जाळी स्वतःच्या खर्चाने बसवून दे, नाहीतर गाडी परत घे. नाही ऐकलं तर ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आपल्याला एकच झालंय. वकील लागतोच असं नाही.

गंधाली लिहून घेत होती. "नोटीस तूच लिही. नंदूशेठ काय बोलेल?"

"बोलेल की जुनी गाडी आहे, बघून घेतलीत. आणि बोलेल की तुम्ही धंद्यासाठी घेतलीत, म्हणजे ग्राहकच नाही."

"आईचा धंदा म्हणजे पाटी."

"तेच लिहायचं. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः राबून केलेला धंदा असेल तर कायदा ग्राहकच मानतो."

हे सांगताना मला खूप दिवसांनी डोकं वापरल्यासारखं वाटलं. गंधाली माझ्याकडे बघत होती, आणि मी बोलतच सुटलो.

मग तिने विचारलं, "आणि ज्याने खोटं सर्टिफिकेट दिलं तो? त्याची आरटीओत तक्रार होते ना? पोलिसांत फसवणुकीची?"

होते. दोन्ही होतात. मला चांगलं माहीत आहे.

मी म्हणालो, "त्यात काही अर्थ नाही गं. वर्षं जातात. ते राहू दे."

तिने लिहिणं थांबवलं. पेनचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

मग मी आणखी घाण केली. म्हणालो, "एवढे चार दिवस गाडी हवीच असेल तर मी काहीतरी जुगाड करतो. सर्टिफिकेट मिळून जाईल."

"परत नको," ती म्हणाली.

कायद्याच्या भानगडी नको असं तिला म्हणायचं असेल. मी निघालो. एक वर्ष झालं, तिने मला कधी एक ओळ लिहिलेली नाही. फोन करते, नाहीतर नुसता अंगठा पाठवते. आज रात्री निदान 'थँक्स' येईल असं वाटलं होतं. अंगठाही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

काल श्रावण सुटला. बुधवारी गणपती. मधले हे दोन-तीन दिवस म्हणजे महिनाभर उपाशी असल्यासारखं अख्खं उपनगर मासळीवर तुटून पडतं. दोन महिने बोटी बंद, मग श्रावण. कृष्णाबाई वर्षभर या तीन दिवसांची वाट बघतात.

आणि गाडी जोगेश्वरीला उभी आहे.

सकाळी वर्सोव्याला गेलो. काही करू शकेन म्हणून नाही. राहवलं नाही म्हणून. कृष्णाबाई रस्त्यावर दोन पाट्या खाली ठेवून उभ्या होत्या आणि गंधाली रिक्षा थांबवत होती. सहा रिक्षा गेल्या. सातवा थांबला, पाटीकडे बघितलं आणि निघाला.

"वास येतो बोलतो," कृष्णाबाई मला म्हणाल्या. "घरी मावरं खाताना त्याच्या नाकाला काय होतं?"

मी आठव्याच्या पुढ्यात स्कूटर आडवी घातली. हँडल धरलं त्याचं. भाडं नाकारतोस काय, नंबर घेतो तुझा, वगैरे. तोही उतरला. गंधालीने मला शर्टाला धरून मागे ओढलं.

"त्याच्यावर कशाला तापतोस? त्याने काय केलंय?"

मी स्कूटर बाजूला घेतली.

शेवटी एक पाटी माझ्या स्कूटरच्या पायाशी, दुसरी कृष्णाबाईंच्या डोक्यावर. सात बंगल्यापर्यंत त्या चालत आल्या. मी पहिल्या गिअरच्या वेगाने त्यांच्या बाजूने. "तू जा पुढं," त्या म्हणत होत्या, मी जात नव्हतो. मधे एका सोसायटीच्या कठड्याला टेकून त्यांनी गुडघा चोळला. लांबच्या तीन सोसायट्या त्यांनी सोडून दिल्या. तिथल्या बायका फोन करत होत्या, शेवटी त्यांनी फोन बंद करून कमरेला खोचला.

निघताना पिशवी दिली. दोन पापलेटं, तळहाताएवढी नाही, चांगली ताटाएवढी.

"हे नको, मावशी. हे विकलं जाईल."

"वकिलाची फी हाय. नाय बोलायचं नाय."

आईने तळली. घरभर वास. उद्या ती आणि बाबा गावाला निघणार, त्याआधी अशी पापलेटं, आई खूष. मी ताटावर बसलो आणि घास जाईना.

"असो कित्या बसलंस? खा मरे. इतका ताजा पापलेट गावात पण गावणा नाय."

"पोट बरं नाही."

"आणि गणपतीक?"

"काम आहे यार्डात. नाही येत."

 आईने माझ्या ताटातला तुकडा उचलून बाबांच्या ताटात ठेवला. "येवचा नसात तर येव नको. पण माका खोटा कारण सांगा नको."

२५ ऑगस्ट

नंदूशेठला सांगितलं, जाळी बसवून दे त्यांना. शांतपणे सांगायचं ठरवून गेलो होतो. शांतपणा दोन वाक्यं टिकला.

"मी काढली जाळी असं कोण म्हणतं?" तो सुपारी कातरत होता. "माझ्याकडे आली तेव्हाच नसेल."

"तुला माहीत होतं. म्हणूनच सायलेन्सर बघायला पाहिजे बोललास."

"बोललो ना? मग? मी पौर्णिमेनंतर देणार होतो. घाई कोणाला होती?"

काउंटरवर हात आपटला मी. काचेखालचे त्याचे देव हलले.

"आपटून घे," तो म्हणाला. "जा कोर्टात. जज विचारेल गाडी सेंटरवर कोणी नेली. नळी कोणी धरली. तुझ्या त्या कोळणीला सांगितलंस का हे?"

मी त्याची कॉलर धरली. इथे लिहितो तेवढं ते शूर नव्हतं. दोन पोरांनी मला बाजूला केलं, नंदूशेठने शर्ट नीट केला आणि सुपारी परत कातरायला घेतली. नोकरी गेली. मी सोडली असं मी सगळ्यांना सांगणार.

पण माझ्याबद्दल तो खोटं बोललाच नव्हता. मला राग त्याचाच आला होता.

जाळी चोरली त्याने. मी काय केलं? मी त्या चोरीवर सरकारी शिक्का मारून दिला. एक वर्षाची मुदत टाकून.

२८ ऑगस्ट

घरात मी एकटा. खाली मंडळाची आरती संपली की पुढच्या इमारतीतली सुरू होते.

नोटीस लिहायला घेतली. वहीच्या पुढच्या नोट्स उपयोगी पडल्या, त्याचंच नवल. 'तक्रारदार: श्रीमती कृष्णाबाई, राहणार वर्सोवा कोळीवाडा.' 'तक्रारदार या स्वतःच्या उपजीविकेसाठी मासळी विकतात.' हात चालत होता. 'विरुद्ध पक्ष क्रमांक एक: वाहन विक्रेता.' दोष जाणूनबुजून लपवला. 'विरुद्ध पक्ष क्रमांक दोन: पीयूसी केंद्रचालक.' मग पाचवा परिच्छेद आला.

'दिनांक १७ ऑगस्ट रोजी सदर वाहनाची तपासणी प्रत्यक्षात न करता दुसऱ्या वाहनाची तपासणी करण्यात आली.'

करण्यात आली. कोणी केली? कॉलेजात सर म्हणायचे, कर्ता लपवलेलं वाक्य दिसलं की समजा, पक्षकार काहीतरी दडवतोय. त्याच सरांचा हजेरीपट मी फाडला.

चार वेळा लिहिलं. 'केंद्रचालकाने केली.' अर्धं खरं. 'विक्रेत्याच्या माणसाने केली.' जवळ आलं. मग विचार केला की मी साक्षीदार होतो. साक्षीदार म्हणून नाव दिलं तर मदत होईल, शिवाय मी चांगला दिसेन. गंधाली म्हणेल, बघ, नोकरीवर लाथ मारून साक्ष द्यायला उभा राहिला. ते चित्र मला इतकं आवडलं की मी उठून पाणी प्यायलो.

साक्षीदार बघतो. मी नळी धरली होती.

'विरुद्ध पक्ष क्रमांक तीन: सुशांत घाडी, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम.' त्याखाली सगळं लिहिलं. शेजारची गाडी कुठली, देवदत्तशी काय बोलणं झालं, चार मिनिटं. आरटीओच्या तक्रारीचा वेगळा कागद केला आणि पोलिसांसाठीचा तिसरा. सगळ्यांत तेच नाव. का केलं ते मात्र लिहिलं नाही. त्याला कुठल्याच कागदात रकाना नाही.

२९ ऑगस्ट

वर्सोव्याला गेलो. गंधाली दारात जाळ्याचा गुंता सोडवत बसली होती. मी कागद दिले आणि उभा राहिलो. बस म्हणाली नाही.

तिने सगळं वाचलं. पहिल्या पानापासून, सावकाश. दुसऱ्या पानावर थांबली. तिसऱ्यावर गेली. परत दुसऱ्यावर आली.

"पत्ता अपुरा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"क्रमांक तीनचा. पिनकोड नाही, इमारतीचा नंबर नाही. नोटीस परत येईल." पेन पुढे केलं.

मी भिंतीला कागद टेकवून इमारतीचा नंबर घातला. पिनकोड घातला. 

मग तिने फोन काढला. सरकारी साइटवरून उतरवलेलं जुनं सर्टिफिकेट, रंगीत. गाडीसोबत आम्ही दिलेली प्रिंट काळीपांढरी होती, आणि तो कागद मला या सगळ्या दिवसांत बघवलाच नव्हता. तिने फोटो मोठा केला. तिची नंबर प्लेट. खाली मोकळा सायलेन्सर. जमिनीवरून काळी नळी डावीकडे जात होती, फोटोच्या बाहेर. आणि ती घसरू नये म्हणून कोणीतरी तिच्यावर पाय ठेवला होता. नारिंगी सँडल. करंगळीजवळ शिवलेला पट्टा.

"चंद्रप्रकाशच्या गॅरेजमध्येच दिसलं," ती म्हणाली.

"मग मला लिहायला कशाला सांगितलंस? वकिलाकडे जायचं."

"वकिलाने लिहिलं असतं तर तुझं नाव त्याने घातलं असतं."

एवढं बोलून ती परत जाळं सोडवायला लागली.  तुझ्यासाठीच केलं होतं, असं तोंडापर्यंत आलं.

"तू दुसरीकडे जाशील असं वाटलं," मी म्हणालो.

"गेले असते. तिथे गाडी घेतली असती आणि तुला फोन केला असता, गाडी शिकवतोस का म्हणून." तिने वर बघितलं नाही. "तेव्हा करणार होते."

आतून कृष्णाबाईंचा आवाज आला. "कोण आलंय? वकील आलाय का? चा टाकू?"

गंधालीने माझ्याकडे बघितलं. मीच आत गेलो. उंबऱ्यात उभं राहून त्यांना सगळं सांगितलं, मान खाली घालून, एका दमात. त्यांनी ऐकलं. स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाल्या, "पापलेट खाल्लास?"

"नाही, मावशी."

"मग मावरं पण फुकट घालवलास."

चहा मिळाला नाही. निघताना स्कूटरची चावी खिडकीत ठेवून आलो. गंधालीला चालवता येते, पाटी पायाशी बसते. आणि स्कूटरची पीयूसी खरी आहे. नळी तिच्याच सायलेन्सरमध्ये घातली होती, मी कालच करून घेतली. बसने घरी आलो.

११ सप्टेंबर

दुपारी पोस्टमन आला. स्पीड पोस्ट, सही करा. आईने दार उघडलं, गावाहून परवाच आली. "तुझ्या नावान आसा," म्हणाली आणि पाकीट उलटंपालटं केलं. तिला कालच सगळं सांगितलंय. ती तेव्हापासून माझ्याशी मोजकं बोलते, पण जेवायला वाढताना थांबत नाही.

मी सही केली.

आत माझीच नोटीस. माझेच परिच्छेद, माझीच कलमं. पंधरा दिवसांत उत्तर द्यावे. खाली कृष्णाबाईंची सही, एकेक अक्षर वेगळं. सोबत रंगीत फोटो जोडलाय, पाय अगदी स्पष्ट आहे. नंदूशेठला आणि देवदत्तला काल मिळाली असणार. यार्डातल्या पोराचा फोन आला होता, शेठ चंद्रप्रकाशकडे जाळीचा भाव विचारतोय म्हणून. खरं असेल तर बरं. माझ्यावरचं त्याने कमी होत नाही. आरटीओत जबाबाला सोमवारी जायचंय.

पाकीट फेकणार होतो. मग बघितलं. पाकिटावरचा पत्ता टाइप केलेला नाही. हाताने लिहिलाय, निळ्या पेनने. 'सुशांत घाडी.' घाडीतला डी थोडा वर गेलाय. पिनकोडाचे सहाही आकडे नीट.

तिने मला लिहिलेली ही पहिली ओळ.

पाकीट वहीत ठेवलंय. उत्तर लिहायला बसतो. परिच्छेद एक ते नऊ मान्य. परिच्छेद पाच मान्य. तो मी दोनदा लिहिणार आहे.